व्हीसीबीच्या (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरच्या) बाटलीत मॅग्नेटिक फील्ड नेमकं करतं काय?

ब्रेकर म्हणजे बिघाड झाला की करंट तोडणारा स्विच, आणि आर्क म्हणजे त्याचे कॉन्टॅक्ट सुटताना मधे पेटणारी विजेची ज्वाळा. जुन्या एअर ब्रेकरमधे मॅग्नेटिक फील्ड आर्कला ढकलून वर च्यूटमधे (पट्ट्या लावलेल्या खोक्यात) नेतं, तिथे त्याचे तुकडे होतात, तो थंड होतो आणि विझतो. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमधे पण तसंच असणार. तसं नाहीये. इथे आर्क विझतो तो एसी करंट शून्यावर आल्यावर, फील्डचं काम फक्त तोपर्यंत कॉन्टॅक्ट जळू न देणं.

सिरॅमिकची सीलबंद बाटली, आत हवा जवळजवळ नाहीच, दोन कॉन्टॅक्ट, आणि ११ केव्हीच्या ब्रेकरमधे ते उघडल्यावर मधलं अंतर साधारण १० मिमी. एवढ्याशा जागेत फॉल्टचे (शॉर्ट सर्किटचे) २५ हजार अँपिअर तोडायचे! आता हवाच नाही तर आर्क कशाचा? तर कॉन्टॅक्टच्याच धातूचा, म्हणजे तांबं आणि क्रोमियम. सुटताना शेवटी टेकलेला बिंदू वितळून उकळतो आणि त्या वाफेतून करंट चालूच राहतो.

करंट कमी असताना कॅथोडवर (त्या क्षणी निगेटिव्ह असलेल्या कॉन्टॅक्टवर) बारीक बारीक झगझगीत ठिपके दिसतात, एकेक साधारण ५० ते १०० अँपिअरचा, आणि ते एकमेकांपासून लांब पळत राहतात. (हे ठिपके आडव्या फील्डमधे करंटला ज्या बाजूला जोर लागतो त्याच्या बरोब्बर उलटे पळतात, आणि असं का यावर अजूनही एकमत नाही.) असा पसरलेला आर्क कॉन्टॅक्टला फार त्रास देत नाही, ५० हर्ट्झला करंट सेकंदात १०० वेळा शून्य होतो, तेव्हा नवी वाफ थांबते आणि असलेली वाफ मायक्रोसेकंदांत कॉन्टॅक्टवर आणि भोवतीच्या धातूच्या शील्डवर जाऊन बसते.

घोळ होतो साधारण १० हजार अँपिअरच्या पुढे. करंटचं स्वतःचंच फील्ड आर्कला आवळतं, त्याचा एक खांब होतो, समोरचा अ‍ॅनोड पण वितळायला लागतो आणि मग करंट शून्य झाला तरी तापलेला धातू वाफ सोडतच राहतो, की आर्क परत पेटला.

यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्हीत वेगळा मॅग्नेट नसतो, फॉल्टच्या करंटलाच वाकडी वाट देऊन त्याच्याकडून हवं ते फील्ड बनवून घेतात, हे मला फार आवडतं. पहिल्यात कॉन्टॅक्टला स्पायरल चिरा पाडतात, आडवं फील्ड तयार होतं आणि खांब झालेला आर्क कडेकडेने गरगर फिरतो. भाकरी तव्यावर फिरवत राहिलं की एका जागी करपत नाही, तसंच. दुसऱ्यात कॉन्टॅक्टच्या मागे करंटला कॉइलसारखा वळसा घालायला लावतात, फील्ड आर्कच्याच दिशेत उभं राहतं, इलेक्ट्रॉन त्याच्या रेषांभोवती गुंडाळले जातात, आत ओढले जात नाहीत आणि मोठ्या करंटला पण आर्क पसरलेलाच राहतो. यात झीज बरीच कमी, पण वाट लांबल्यामुळे रोजच्या लोडला रेझिस्टन्स थोडा जास्त, म्हणून पहिला प्रकार अजूनही भरपूर चालतो.

दुसऱ्या प्रकारात एक किचकट भाग आहे. कॉन्टॅक्टच्या चकतीत एडी करंट (बदलत्या फील्डमुळे धातूत उठणारे भोवऱ्यासारखे करंट) फिरतात आणि त्यामुळे फील्ड करंटच्या थोडं मागे पडतं, म्हणजे करंट शून्य झाला तरी फील्ड शिल्लक, आणि ते नेमकं जायला हवा तो प्लाझ्मा (करंट वाहून नेणारी ती तापलेली वाफ) धरून ठेवतं. म्हणून त्या चकतीलाही चिरा पाडतात, एडी करंटला फिरायला सलग जागाच ठेवत नाहीत.