ओएस अपग्रेड केली आणि ऑडिओ इंटरफेस मुका झाला, आता काय?

ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) अपग्रेड झाली, मशीन रिस्टार्ट झालं आणि काल रात्रीपर्यंत मस्त चालणारा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा तो यूएसबीचा बॉक्स, आज ढिम्म. लाइट लागलाय, केबल नीट आहे, पण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नावच दिसत नाही, नाहीतर दिसतं पण आवाज नुसता खरखरतो. लगेच नवा घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. जरा थांबा, हार्डवेअर नेमकं अपग्रेडच्याच मुहूर्तावर मरण्याची शक्यता फार कमी, बहुतेक वेळा गडबड असते मधल्या ड्रायव्हरची, म्हणजे सिस्टीम आणि बॉक्स यांचं बोलणं जुळवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची.

ड्रायव्हरला एवढा ताण का येतो ते आधी बघू. ४८००० सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे तितके नमुने) आणि २५६ चा बफर (एका वेळी हाताळायचा तितक्या नमुन्यांचा गठ्ठा) म्हणजे कॉम्प्युटरला साधारण ५.३ मिलिसेकंदात पुढचा डेटा तयार ठेवावाच लागतो, आणि तेही न चुकता, सेकंदाला जवळपास १८८ वेळा. फाइल कॉपी करताना एखादं पॅकेट खराब झालं तर यूएसबी ते परत पाठवते, पण ऑडिओ ज्या आयसोक्रोनस पद्धतीने जातो तिच्यात परत पाठवणं हा प्रकारच नाही, गेलं ते गेलं, आणि तेच आपल्याला ‘टक’ असं ऐकू येतं. म्हणून बरेच ऑडिओ ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात बसून काम करतात. आता गाभ्यात बसलेला ड्रायव्हर चुकला तर अख्खं मशीन कोसळतं, त्यामुळे ओएसवाले दर अपग्रेडला तिथली दारं थोडी थोडी बंद करत चाललेत. आपली चिडचिड होते खरी, पण त्यांचंही काही चुकत नाही.

विंडोजमध्ये ६४ बिट व्हिस्टापासून कर्नल ड्रायव्हरवर डिजिटल सही, म्हणजे तो खरा कोणाचा आहे याची खूण, लागते, २०१६ नंतर नवीन ड्रायव्हरसाठी नियम आणखी कडक झाले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटरफेसवर पिवळं चिन्ह आणि कोड ५२ दिसला तर सहीचाच लोचा समजा. आणखी एक, विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटेग्रिटी नावाचं बटण असतं, ते चालू असलं की काही जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. ते बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो, मला तो पटत नाही, एका बॉक्ससाठी सगळ्या मशीनचं कुलूप कशाला काढायचं, आधी कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर आलाय का ते बघा. मॅकवर २०२० च्या बिग सरपासून अ‍ॅपल सिलिकॉनवाल्या (अ‍ॅपलच्याच चिपच्या) मशीनमध्ये कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे असा गाभ्यात बसणारा ड्रायव्हर, चालवायचं तर रिकव्हरी मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या वेगळ्या स्टार्टअपमध्ये) जाऊन सिक्युरिटी एक पायरी खाली आणावी लागते, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये परवानगी द्यायची, मग पुन्हा रिस्टार्ट.

शोधायचं कसं? तर केबलपासून सॉफ्टवेअरकडे जायचं, उलटं नाही. हब काढून थेट पोर्टला लावा, सिस्टीमला यूएसबी डिव्हाइस म्हणून दिसतोय का बघा. इथेच दिसत नसेल तर ड्रायव्हर कितीही वेळा टाका, उपयोग शून्य. दिसतोय पण चालत नाही, मग इंटरफेस काढून ठेवा, जुना ड्रायव्हर पूर्ण अनइन्स्टॉल करा (विंडोजमध्ये ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करायच्या चौकटीत टिक करून, नाहीतर तोच जुना परत येऊन बसतो), रिस्टार्ट, नवा टाका, आणि मगच केबल लावा.

आउटपुट ऐकू येतं पण माइक शांत आहे, असं असेल तर ड्रायव्हरला हातच लावू नका. अपग्रेडनंतर मायक्रोफोनची परवानगी बंद झालेली असू शकते, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे ती प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये असते. आणि परवानगी नसली की एरर येईलच असं नाही, कित्येकदा नुसती सपाट शांतता रेकॉर्ड होते, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

गाणं थोडं चढ्या पट्टीत आणि घाईत वाजतंय? मग सॅम्पल रेट जुळत नाहीये. ४४१०० चं रेकॉर्डिंग रूपांतर न होता ४८००० ने वाजलं तर वेग जवळपास ९ टक्के वाढतो आणि सूर दीड सेमीटोन (पेटीवरच्या साधारण दीड पट्ट्या) वर जातो. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये आणि विंडोजवर साउंडच्या सेटिंगमध्ये रेट बदलता येतो. खरखर असेल तर बफर दुप्पट करून बघा.

कंपनीने ड्रायव्हर बनवणंच थांबवलं असेल तर इंटरफेस क्लास कंप्लायंट आहे का ते शोधा, म्हणजे यूएसबी ऑडिओचा ठरलेला नियम पाळणारा, त्याला कंपनीचा ड्रायव्हर लागतच नाही. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ २.० साठीचा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ मध्ये आला, मॅक आणि लिनक्सवर सोय त्याआधीपासून होती. विंडोजच्या त्या ड्रायव्हरसोबत एएसआयओ (रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर इंटरफेसशी कमी उशिरात बोलायला वापरतात ती पद्धत) आलं नाही, पण वर एएसआयओफोरऑल नावाचा वेगळा ड्रायव्हर टाकून काम भागतं, लेटन्सी, म्हणजे आवाजाला लागणारा उशीर, मात्र थोडी जास्त मिळू शकते. तेही जमलं नाही तर विंडोजमध्ये मागच्या व्हर्जनवर परत जायची सोय असते, पण ती साधारण १० दिवसच, नंतर जुन्या फाइली उडतात, त्यामुळे प्रयोग करायचे ते पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या.