यहेज्केल ते हसाजी : एका हिब्रू नावाची पार्श्वभूमी

मुंबईत मांडवीच्या सॅम्युअल स्ट्रीटवरचे 'शार हारहमीम' हे शहरातले सर्वांत जुने सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) १७९६ साली समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. समाजी म्हणजे शमुवेल. हसाजी हे त्यांच्या वडिलांचे नाव, आणि त्याचे मूळ हिब्रू रूप यहेज्केल. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंच्या, घरांबाहेर हे नाव महाराष्ट्रात क्वचितच ऐकू येते.

मूळ लेखनात सहा अक्षरे आहेत : योद, हेत, झायिन, कोफ, अलेफ, लामेद. सुरुवातीचा 'य' हा क्रियापदाचा तृतीयपुरुषी प्रत्यय, मधला ह-ज-क हा धातू (बळकट असणे, घट्ट धरणे) आणि शेवटचा 'एल' म्हणजे देव. म्हणजे हे नाव एक पूर्ण वाक्यच आहे. धातूचे साधे रूप धरले तर 'देव बळकट आहे', प्रयोजक धरले तर 'देव बळ देतो' किंवा 'देव बळ देवो'. दुसरा अर्थ अधिक रूढ आहे. बाळांच्या नावांच्या याद्यांत 'देवाची शक्ती' असा अर्थ देतात, तो चूक. त्यात क्रियापदच हरवते. इस्माईल, म्हणजे 'देव ऐकतो', याची घडणही अशीच. बायबलमधल्या हिज्कीया राजाचे नाव याच धातूचे, पण तिथे 'एल'ऐवजी 'याह' (देवाच्या नावाचे लघुरूप) आहे. ही दोन नावे वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

नाव ज्याच्यामुळे टिकले तो बायबलमधला संदेष्टा यहेज्केल, बूजीचा मुलगा, याजक घराण्यातला. इ.स.पू. ५९७ मध्ये यहोयाखीन राजाबरोबर ज्यांना बंदी करून बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेले, त्यांतला तो एक. खबार कालव्याकाठच्या तेल-अबीब वस्तीत तो राहत असे. त्याच्या ४८ अध्यायांच्या ग्रंथात त्याचे नाव फक्त दोनदा येते, १:३ आणि २४:२४ मध्ये. देव त्याला नव्वदहून अधिक वेळा 'मानवपुत्रा' अशीच हाक मारतो. तरी नावातला धातू ग्रंथात घुमत राहतो. तिसऱ्या अध्यायात लोक 'कठीण कपाळाचे' आहेत आणि देव संदेष्ट्याचा चेहराही त्यांच्यासमोर तितकाच कठीण करतो : दोन्हीकडे तोच ह-ज-क. एकीकडे हट्ट, दुसरीकडे धीर. नावाचा खरा अर्थ इथे कळतो.

ग्रीक लिपीत मधल्या 'ह'ला अक्षर नव्हते, म्हणून 'इएझेकिएल' झाले; पुढे लॅटिनमार्गे इंग्रजीत एझिकेल. अरबीने तो 'ह' राखला आणि हिझ्कील हे रूप रूढ झाले. इराकमध्ये हिल्ल्याजवळच्या अल-किफ्ल गावी या संदेष्ट्याची कबर मानतात, आणि बगदादी ज्यूंत हे नाव हेस्केल, हस्केल असे चालत आले.

कोकणात यालाच मराठमोळा 'जी' लागला. अब्राहमचा अबाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी, तसा यहेज्केलचा हसाजी. पुढे १८२६ नंतर कोचीनहून आलेले शिक्षक आणि १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण यांमुळे हिब्रू शिक्षण वाढले, इंग्रजी शाळाही आल्या आणि 'जी' हळूहळू गळून एझिकेल रुळले. वडिलांचे नाव आडनावासारखे चालू लागल्याने ते आडनाव म्हणूनही दिसते; कवी निस्सीम एझिकेल हे ठळक उदाहरण.

वंशावळ लावताना इथेच घोटाळा होतो. एकाच माणसाची नोंद एका कागदावर हसाजी, दुसऱ्यावर एझिकेल आणि विवाहकरारात 'बेन यहेज्केल' (यहेज्केलचा मुलगा) अशी सापडू शकते. त्यामुळे केवळ नावावर न जाता गावावरून पडलेले 'कर'युक्त आडनाव आणि वडिलांचे नाव यांची जोडी ताडून पाहावी. मोडी कागदांत आणखी सावध राहावे, कारण त्या लिपीत अनुस्वार अनेकदा गाळला जातो आणि हंसाजी हे मराठा घरांतले नाव (हंबीरराव मोहित्यांचे मूळ नाव हेच) हसाजीसारखेच दिसते. शेजारी शमुवेल, रहमीम किंवा बेन्यामीन यांची मराठी रूपे आढळली, तरच तो हसाजी यहेज्केल मानावा.