ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज: एकविशी गाठलेल्यांनी आधी काय तपासावं

विधानसभा-लोकसभेला उभं राहायला वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात, ग्रामपंचायतीला 21 पुरतात. विलासराव देशमुख दोनदा मुख्यमंत्री झाले, पुढे दिल्लीत केंद्रीय मंत्री झाले, पण त्याआधी 1974 ते 1976 ते बाभळगावचे सरपंच होते. अशी वाट धरायची तर पहिला मुक्काम तहसील कचेरी.

मतदार यादीत नाव त्याच गावचं हवं. प्रभाग मात्र गावातला कुठलाही चालतो. तो कोणासाठी राखीव आहे ते आधी बघा, कारण निम्म्या जागा महिलांच्या असतात. जन्म 1 जानेवारी 1995 रोजी किंवा नंतरचा असेल, तर सातवी पास असल्याचा पुरावा जोडावा लागतो.

अर्ज बाद होतात ते बहुतेक घरच्याच गोष्टींवरून. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल हाती पडून तीन महिने उलटले आणि पैसे भरले नाहीत, तर तुम्ही अपात्र. म्हणून निवडणूक लागायच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. ऐन वेळी त्यांच्या दारात रांग लागते. घरात शौचालय हवं आणि ते वापरात हवं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल, तर दार बंद. पंचायतीच्या कामाचा ठेका स्वतःच्या नावावर असणंही चालत नाही.

सगळ्यात फसवं कलम अतिक्रमणाचं. ‘जागा वडिलांनी धरलीय, माझा काय संबंध?’ हा युक्तिवाद गावोगाव ऐकू येतो. पण 2018 मध्ये जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुटुंबाने सरकारी जागेवर केलेल्या अतिक्रमणात तुम्ही राहत असाल, तर तुम्हीही अपात्र ठरता. निवडून आल्यावरही विरोधक हीच फाईल जिल्हाधिकाऱ्यांकडे घेऊन जातात.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. वैधता हातात नसेल, तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र जोडता येतं. ती मुदत चुकली की निवड रद्द.

अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापील प्रतीवर सही करायची आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यायची. कधी कधी आयोग कागदी अर्जही घेतो, त्यामुळे त्या निवडणुकीची सूचना वाचा. सोबत मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती देणारं घोषणापत्र, अनामत रकमेची पावती (राखीव प्रवर्गाला सवलत आहे) आणि निवडणूक खर्चासाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्याचा तपशील. घोषणापत्रात एकही रकाना रिकामा सोडू नका; लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. खासदारकीच्या अर्जातही शपथपत्र याच धाटणीचं असतं, हात इथेच बसवून घ्या.

मग छाननी, माघार आणि चिन्हवाटप. पक्षाचं चिन्ह इथे मिळत नाही. आयोगाच्या मुक्त चिन्हांतून निवडावं लागतं. पॅनेलवाल्यांची खरी घासाघीस त्यावरच होते.

निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, पडलेल्या उमेदवारानेसुद्धा. हरल्यावर तहसीलची पायरी चढायचा कंटाळा येतो हे खरं, पण हिशेब दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते, म्हणजे पुढची निवडणूकही हातची जाते.