प्रमुखाची गादी आणि जमिनीचं भाडं

घानाच्या असांते भागात घरासाठी जागा हवी असली, की पहिली फेरी तिथल्या पारंपरिक प्रमुखाच्या वाड्यावर होते. सरकारी भूमी आयोगाची कचेरी त्यानंतर येते. देशातली सुमारे 80 टक्के जमीन आजही गाद्या, कुळं आणि घराणी यांच्याकडेच आहे. दक्षिणेकडच्या आकान लोकांत गादी म्हणजे कोरीव लाकडी बैठक, तर उत्तरेत जनावराचं कातडं. प्रमुख गादीच्या जमिनीचा विश्वस्त असतो, मालक नसतो.

त्याला गादीवर बसवण्याची रीतही ठरलेली आहे. आकान वारसा आईकडून चालतो, त्यामुळे मुलाऐवजी भाऊ किंवा भाचा पुढे येतो. नाव सुचवते ती ओहेमा, म्हणजे राजमाता. ती प्रमुखाची आईच असते असं नाही, बहीण किंवा मावशीही असू शकते. ज्येष्ठांना नाव पटलं तरच तो गादीवर येतो, आणि नीट वागला नाही तर ज्येष्ठच त्याला रीतसर खाली उतरवतात. दरबारात प्रमुखाचं बोलणं ओच्यामे नावाच्या प्रवक्त्यामार्फत लोकांपर्यंत पोहोचतं. या प्रवक्त्याच्या हातातल्या काठीच्या टोकावर पुष्कळदा मुठीत धरलेलं अंडं कोरलेलं असतं. सत्ता घट्ट आवळली तर फुटते, सैल सोडली तर निसटते, असा त्याचा अर्थ.

1992 च्या राज्यघटनेने ही व्यवस्था मान्य केली, पण तिला पक्षीय राजकारणापासून दूर ठेवलं. संसदेची निवडणूक लढवायची असेल तर प्रमुखाला आधी गादी सोडावी लागते. जिल्हा सभेतले 70 टक्के सदस्य मतदार निवडतात. उरलेले, जास्तीत जास्त 30 टक्के, राष्ट्राध्यक्ष नेमतात. त्यासाठी पारंपरिक प्रमुखांचा सल्ला घ्यायचा असतो, मात्र प्रमुखांसाठी एकही जागा राखीव नाही. म्हणूनच स्थानिक कारभारातलं त्यांचं खरं वजन मोजायचं तर जमिनीच्या पैशाकडे पाहावं लागतं.

गादीच्या जमिनीची कायमची विक्री घटनेनेच बंद केली आहे. जमीन भाडेपट्ट्यानेच देता येते, आणि परदेशी माणसाला एका वेळी 50 वर्षांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही. समजा, एखाद्या गादीच्या जमिनींचं वर्षाचं भाडं 10,000 सेडी जमलं. गादीच्या जमिनींचं प्रशासक कार्यालय खर्चापोटी 10 टक्के, म्हणजे 1,000 सेडी कापून घेतं. उरलेल्या 9,000 पैकी 25 टक्के, म्हणजे 2,250 गादीचा मान राखण्यासाठी, 20 टक्के, म्हणजे 1,800 पारंपरिक प्राधिकरणाला, म्हणजे त्या भागातल्या प्रमुखांच्या परिषदेला, आणि 55 टक्के, म्हणजे 4,950 जिल्हा सभेला मिळतात. सगळ्यात मोठा वाटा सभेचा. कागदावर ही वाटणी चोख आहे.

गळती होते ती भाडं ठरण्याच्या आधी. जमीन मागायला जाताना प्रमुखापुढे मद्याची बाटली, बहुधा श्नॅप्स, ठेवायची जुनी रीत आहे. पूर्वजांच्या नावाने थोडं जमिनीवर ओतायचं, व्यवहाराला साक्षीदार ठेवायचे, एवढाच तिचा हेतू. शहरं वाढली तशी बाटलीच्या जागी रोकड आली. नाव अजूनही ‘पिण्याचे पैसे’च, पण शहरालगत ही रक्कम जमिनीच्या बाजारभावाला भिडते. आपल्या भाषेत हा नजराणाच. तो भेट समजला जातो, म्हणून वाटणीच्या खात्यात येत नाही. वार्षिक भाडं मात्र नाममात्र ठेवलं जातं, आणि सभेला 55 टक्के मिळतात ते त्या नाममात्र रकमेचे. नवीन वस्तीला गटारं आणि रस्ते द्यायची जबाबदारी तिच्याच अंगावर येते. माझ्या मते नजराणाही त्याच खात्यात जमा झाला पाहिजे, नाहीतर घटनेतल्या टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

2020 च्या जमीन कायद्याने प्रमुखाला विश्वस्त म्हणून उत्तरदायी ठरवलं आणि व्यवहारांच्या नोंदीसाठी पारंपरिक जमीन सचिवालयांची तरतूद केली. तरी एकच जागा दोघांना दिल्याची भांडणं होतातच, कारण जुन्या हद्दी ओढे आणि झाडं यांच्या खुणांवर तोंडी ठरलेल्या. त्यात गादीवर दोन दावेदार असले, तर दोघेही वाटपपत्रं देत सुटतात.

म्हणून जागा घेणाऱ्याने वाटपपत्रावर फक्त प्रमुखाची सही घेऊन परतू नये. रूढीनुसार गादीची जमीन द्यायला मुख्य ज्येष्ठांची संमती लागते, तेव्हा त्यांच्याही सह्या घ्याव्यात. परवानाधारक भूमापकाकडून नकाशा काढून घ्यावा, भूमी आयोगाची सहमती मिळवावी आणि पट्टा नोंदवावा. ज्येष्ठांच्या सह्या राहून गेल्या, तर पुढचा प्रमुख तो व्यवहार गादीचा नव्हताच असं म्हणू शकतो.