मधला दीड तास कुठे गेला?

गॅसवर दूध ठेवलं, आणि त्यानंतर थेट बसस्टॉप. हातातल्या पिशवीत आपण कधी घेत नाही ती बिस्किटं आणि घड्याळ दीड तास पुढे. डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे डीआयडी, हा एकाच माणसात वेगवेगळे ‘मी’ किंवा अवस्था आलटून पालटून ताबा घेतात असा मानसिक आजार. तो असलेल्यांचं रोजचं दुखणं बहुधा असं असतं. सिनेमातल्यासारखं चारचौघांत आवाज बदलून बोलणं क्वचितच घडतं. लपून राहणं हेच मुळी या आजाराचं काम.

लहान मुलाचा ‘मी’ जन्मतः एकसंध नसतो. घाबरलेला, रागावलेला, खेळणारा अशा अवस्था मोठ्यांच्या मायेत हळूहळू सांधल्या जातात. पण ज्याच्या कुशीत शिरायचं तोच वारंवार अत्याचार करत असेल, तर रात्रीचं आठवत ठेवून सकाळी त्याच्याच हातचा डबा घेऊन शाळेत जायचं कसं? मग मधे भिंत उभी राहते. त्या वयात ती जगवते. तिशीत, धोका टळल्यावरही, ती पडत नाही.

निदानाला कित्येकदा वर्षं जातात. आवाज ऐकू येतात एवढ्यावरून स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसतो. डीआयडीत हे आवाज बहुधा डोक्याच्या आतून, लहानपणापासून आणि एकमेकांशी वाद घालणारे असतात. 1986 मध्ये आलेली 28 प्रश्नांची एक प्रश्नावली चाळणी म्हणून वापरतात. शंभरपैकी सरासरी 30 किंवा वर आली तर सविस्तर मुलाखत घ्यायची, निदान त्या मुलाखतीवरून ठरतं. फिट्स आणि नशा ही कारणं आधी वगळावी लागतात. आपल्याकडे ‘अंगात येणं’ही तपासावं लागतं. जत्रेत ढोलासोबत येणारं आणि ढोलासोबत ओसरणारं वारं हा आजार नव्हे. नको असताना येणारं, स्मृती पुसणारं, संसार-नोकरी मोडणारं असेल तर डॉक्टर गाठावा.

आजारावर थेट गोळी नाही. औषधं नैराश्य, चिंता, झोप यांच्यासाठी. खरा उपचार म्हणजे तीन टप्प्यांची मानसोपचार पद्धत: आधी सुरक्षितता, मग आघाताच्या आठवणी, मग जोडणी. पहिलाच टप्पा सर्वांत लांबतो आणि घाई होते ती नेमकी इथेच. अमेरिकेत 1980-90 च्या दशकांत संमोहनाने आठवणी उकरण्याचा सपाटा चालला. त्यातून खोट्या आठवणी निघाल्या आणि कोर्टकज्जेही.

घरी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे एक वही. एकच, ठरलेल्या जागी. तारीख, वेळ, काय केलं. ‘4:15. दूध उतू जात होतं, गॅस बंद केला. रिक्षाचे पैसे दिले.’ अक्षर अनोळखी असलं तरी पान फाडायचं नाही. खाली उत्तर लिहायचं. गोळ्यांसाठी आठवड्याच्या कप्प्यांची डबी हवीच, नाहीतर एका अवस्थेने घेतलेला डोस दुसरी पुन्हा घेते.

भान सुटू लागलं की डोळे मिटून ध्यान करू नये, काहीजण त्यात आणखी बुडतात. डोळे उघडे ठेवून तळवे जमिनीवर दाबायचे, गार पाण्याचा ग्लास धरायचा, आजची तारीख, आपलं वय आणि पत्ता मोठ्याने म्हणायचा.

घरच्यांनी ‘त्या दुसरीला बोलाव’ म्हणू नये. शिवीगाळ करणाऱ्या अवस्थेला खलनायक ठरवण्याचीही चूक होते. बऱ्याचदा मुलाला गप्प बसवून मार चुकवण्यासाठीच तिने अत्याचाऱ्याचा आवाज उचललेला असतो.

उपचार घेणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिकांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. तो वहीच्या पहिल्या पानावर, प्रत्येक अवस्थेला सापडेल असा लिहावा.

सगळ्या अवस्था एकरूप होणं हे प्रत्येकाचं उद्दिष्ट नसतं. अनेकजण आपापसातल्या समझोत्यावर थांबतात आणि नोकरी, मुलंबाळं नीट सांभाळतात. एकरूप झालेल्यांतही मोठ्या ताणात जुनी भेग उघडू शकते, म्हणून थेरपी एकदम तोडत नाहीत, भेटींमधलं अंतर वाढवत नेतात.