८४ लाखांचा योगायोग आणि गुणसूत्रांची गाठ

२ चा २३ वा घात काढा: ८३,८८,६०८. झाले की ८४ लाख! म्हणजे ८४ लाख योनी सांगणाऱ्या पूर्वजांना गुणसूत्रांचं गणित आधीच ठाऊक होतं, असा फॉरवर्ड गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर आला. खाली नमस्कारांची रांग. गुणाकार बरोबर आहे हो, पुढची उडी फसली आहे. कुठे फसली ते कळायला पेशीत शिरावं लागेल.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं, २३ आईकडची आणि २३ वडलांकडची. अंडपेशी किंवा शुक्रपेशी घडताना ती निम्मी होतात. नाहीतर दर पिढीला ४६, ९२, १८४ अशी दामदुप्पट झाली असती. प्रत्येक जोडीतलं आईकडचं जाणार की वडलांकडचं, हा छापा-काटा. तो २३ वेळा उडवला की फॉरवर्डातला आकडा येतो. पण त्यात गृहीत असं, की गुणसूत्र अख्खंच पुढे जातं. बरीचशी तशी जात नाहीत.

गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या या विभाजनाला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात, आणि ते दोन टप्प्यांत होतं. ते सुरू होण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते आणि दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून राहतात. मग आईकडचं पहिलं आणि वडलांकडचं पहिलं एकमेकांना शोधून शेजारी येतात. आणि पेशी एरवी जीवघेणा ठरेल असा प्रकार करते: स्पो११ नावाचं प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे शंभराहून अधिक ठिकाणी कापतं. मुद्दाम! बहुतेक काप निमूट बुजतात. काही ठिकाणी मात्र इकडचं टोक तिकडे आणि तिकडचं इकडे जोडलं जातं. अशा अदलाबदलीच्या खुणा शुक्रपेशीत सरासरी २६, अंडपेशीत ४० च्या आसपास सापडतात. त्या कुठे पडतील हे दर वेळी बदलतं, म्हणून ८४ लाख हा आकडा पहिल्याच पायरीवर मागे पडतो.

पुस्तकात हे ‘विविधतेसाठी’ म्हणून शिकवतात आणि पुढे जातात. मला त्यातली गाठ जास्त आवडते. लग्नात नवरीच्या शालूला नवऱ्याच्या उपरण्याची गाठ मारतात ना, तशी ही अदलाबदल जोडीला बांधून ठेवते. पेशीच्या दोन ध्रुवांकडून, म्हणजे टोकांकडून, तर्कूतंतू नावाचे धागे येतात, एकेकाला पकडून ओढतात. गाठ सुटत नाही, ताण येतो, आणि त्या ताणावरूनच पेशीला कळतं की दोघं विरुद्ध बाजूंना नीट जोडली गेली आहेत. ताण नसला तर तंतू सुटतात, पुन्हा धरतात. गाठच पडली नसेल तर दोघं एकाच बाजूला जाण्याचा धोका.

जुळणी झाली की प्रतींना धरून ठेवणाऱ्या कोहेसिन या प्रथिनाच्या कड्या कापल्या जातात आणि गाठ निसटते. मात्र गुणसूत्रबिंदूजवळच्या (तंतू गुणसूत्राला जिथे पकडतात तिथल्या) कड्या शाबूत राहायला हव्यात, कारण प्रतींना दुसऱ्या विभाजनापर्यंत एकत्र राहायचंय. तिथे पहारा देतं ते शुगोशिन नावाचं प्रथिन, जपानीत ‘रक्षक देवता’. (इथे दमलात तर हरकत नाही, पुढे चला.)

ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसते. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या गोंड्यातली न उमललेली कळी घ्या, हिरवट पारदर्शक परागकोश काढा, गुणसूत्रं रंगवणाऱ्या अ‍ॅसिटोकार्मिनचा थेंब टाका, टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबा. दहा स्लाइड वाया जातात. अकराव्या स्लाइडवर लालसर आठ जोड्या दिसतात, काही फुलीसारख्या, काही कडीसारख्या. सॅलॅमँडरच्या पेशींतल्या अशाच फुल्या पाहून बेल्जियमच्या यान्सेन्स यांनी १९०९ मध्ये अदलाबदलीचा तर्क मांडला. मक्यावर क्रायटन आणि मॅक्लिंटॉक यांनी तो पक्का केला १९३१ मध्ये.

मुलीच्या बाबतीत ही बांधाबांध ती आईच्या पोटात असतानाच उरकते. मग पेशी थबकते. एखाद्या अंडपेशीचा नंबर बाराव्या वर्षी लागतो, एखादीचा चाळिसाव्या. तोवर गाठ त्याच जुन्या कड्यांच्या भरवशावर. उंदरांवरच्या प्रयोगांत तरी त्या नव्याने बसवल्या जाताना दिसलेल्या नाहीत. कड्या झिजल्या की जोडी वेळेआधी सुटते. २१ व्या गुणसूत्राची दोन्ही अंडपेशीत राहिली तर बाळाला तीन मिळतात: डाऊन सिंड्रोम. आईच्या ३५ व्या वर्षी हे साधारण ३५० बाळांत एक, ४० व्या वर्षी १०० त एक.

आणि आमच्याकडे अजून विचारतात, ‘ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का गं?’ ज्या गाठीचा प्रश्न आहे ती बांधली गेली, तेव्हा ती बाई स्वतःच जन्मायची होती.