केमोथेरपी २१ दिवसांनीच का?

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: पुढची केमो चवथ झाल्यावर घेतली तर चालेल का? याच्या नेमके उलट मत असलेले नातेवाईकही असतात. सहाच्या सहा केमो महिन्याभरात उरकून रुग्णाला एकदाचे मोकळे करावे, असे त्यांना वाटते. दोन्ही मागण्यांच्या मुळाशी समज एकच असतो, तो म्हणजे २१ दिवसांचे अंतर रुग्णालयाच्या सोयीने ठरत असावे. वास्तविक ते ठरते रुग्णाच्या हाडांतील मज्जेच्या कामकाजावरून, आणि केमोसाठी प्रत्येक वेळी मुंबईचे टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय गाठणे अनेकांना का आवश्यक नसते, याचेही बरेचसे उत्तर तिथेच मिळते.

आधी, एकाच मात्रेत काम का भागत नाही ते पाहू. साधारण एक सेंटिमीटर व्यासाच्या गाठीत सुमारे १०० कोटी पेशी असतात, असे ढोबळमानाने मानले जाते. हॉवर्ड स्किपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उंदरांमधील रक्ताच्या कर्करोगावर प्रयोग करून दाखवून दिले की, औषधाची ठरावीक मात्रा पेशींची ठरावीक संख्या मारत नाही, तर ठरावीक प्रमाण मारते. एका मात्रेने ९९ टक्के पेशी मरतात असे गृहीत धरले, तर १०० कोटींच्या १ कोटी उरतील, दुसऱ्या मात्रेनंतर १ लाख, तिसऱ्यानंतर १ हजार. मधल्या काळात त्या पुन्हा वाढतात, ते वेगळेच. मानवी शरीरातील घट्ट गाठी या गणिताला इतक्या इमानाने वागत नाहीत, परंतु स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशी झाल्यावरही डॉक्टर उरलेल्या केमो पूर्ण करायला का सांगतात, हे त्यातून समजते: १ लाख पेशींचा पुंजका कोणत्याही स्कॅनला दिसत नाही.

मग या मात्रा रोजच्या रोज का देत नाहीत? कारण केमोची बहुतेक जुनी औषधे विभाजन पावणाऱ्या पेशींवर वार करतात, आणि ती पेशी गाठीतील आहे की मज्जेतील, हे त्यांना कळत नाही. केस गळतात, तोंड येते, ते याच कारणाने. मज्जेवरचा परिणाम मात्र सर्वांत महत्त्वाचा, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर भागही तोच आहे.

जिवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी प्रौढ माणसाची मज्जा दिवसाला सुमारे १० हजार कोटी तयार करते, कारण रक्तात उतरल्यावर त्या जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतात. त्यांच्या घडणीचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात पूर्वज पेशी पुनःपुन्हा विभाजित होऊन संख्या वाढवतात. दुसऱ्या टप्प्यात विभाजन थांबते, पेशी पक्व होतात आणि मज्जेतच साठून राहतात, आणि हा साठा रक्तातील संख्येच्या कितीतरी पट असतो. केमोचा घाव पहिल्या टप्प्यावर बसतो. दुसऱ्या टप्प्यातील पेशी विभाजनच करत नसल्याने बहुतांशी वाचतात. लावणी बुडाली तरी कोठारातील भातावर घर काही काळ चालते, तसेच हे आहे. म्हणून केमोनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्ताचा अहवाल बऱ्याचदा ठीक येतो आणि घरचे निश्चिंत होतात. साठा संपतो आणि त्यामागून यायच्या पेशी आलेल्याच नसतात, तेव्हा संख्या कोसळते, आणि अनेक औषधांच्या बाबतीत ही वेळ सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान येते. इकडे मज्जेतील मूळ पेशी, ज्या एरवी बहुतांश काळ विभाजनाविना सुस्त पडून असल्यामुळे औषधाच्या तडाख्यातून सुटलेल्या असतात, जाग्या होऊन नवी फळी उभी करू लागतात. तिसरा आठवडा संपेपर्यंत रक्त सहसा पूर्वपदावर येते. २१ दिवस म्हणतात ते हे.

रक्तातील इतर पेशींचे वेळापत्रक वेगळे असते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे हिमोग्लोबिन हळूहळू उतरत जाते. प्लेटलेट्स आठ-दहा दिवसांच्या असतात. लोम्यूस्टिनसारखी काही औषधे मज्जेला इतकी उशिरा आणि इतकी दीर्घकाळ दाबतात की ती सहा आठवड्यांनी द्यावी लागतात.

येथे पपईच्या पानांच्या रसाविषयी बोलणे भाग आहे. दहाव्या दिवशी पेशी उतरल्याचे पाहून घरचे रस सुरू करतात, अठराव्या दिवशी पेशी वाढलेल्या दिसतात, आणि श्रेय रसाला जाते. मज्जा ते काम रस न घेताही करणारच होती. पपईच्या रसाने निदान वेळापत्रकाचा फायदा उठवला. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा त्याहून वाईट, कारण त्यातील ॲनोनासिन हे द्रव्य मज्जातंतूंना घातक असल्याचे प्रयोगांत दिसले आहे आणि कॅरिबियनमधील ग्वादलूप बेटावर या फळाच्या सेवनाचा पार्किन्सनसदृश विकाराशी संबंध जोडला गेला आहे. ‘नैसर्गिक केमो’ म्हणून त्याच्या पुड्या विकणारे हे सांगत नाहीत.

मज्जेचा वेग वाढवणारे औषधही आहे, मात्र ते प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. फिलग्रास्टिम हे इंजेक्शन अमेरिकेत १९९१ साली मान्य झाले. ते केमोनंतर किमान २४ तासांनी देतात, कारण ते मज्जेतील पेशींना विभाजनाला लावते, आणि औषध अंगात असतानाच त्यांना विभाजनाला लावणे म्हणजे त्यांना आपल्या हाताने वाराच्या टप्प्यात आणून ठेवणे होय. याच इंजेक्शनच्या आधाराने स्तनाच्या कर्करोगाची केमो तीनऐवजी दोन आठवड्यांनी देण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे २१ हा आकडा पवित्र नाही. तो मज्जेच्या हाती आहे, आणि मज्जेला मदत मिळाली तर तो बदलतो. बरे होण्याच्या उद्देशाने चाललेल्या उपचारात विनाकारण लांबवलेली प्रत्येक केमो मात्र उरलेल्या पेशींना वाढीचे दिवस बहाल करते, म्हणून चवथीचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच व्हावा.

पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारी, औषधेही अनेकदा तीन आठवड्यांनीच देतात, पण तो योगायोग म्हणावा लागेल: पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) शरीरात निम्मे होण्यास सुमारे तीन आठवडे घेते, मज्जेचा त्याच्याशी संबंध नाही. ‘केमोविना कर्करोग बरा’ अशा जाहिराती वाचून ही औषधे मागणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ती सर्व कर्करोगांवर चालत नाहीत, आणि पुष्कळदा केमोच्या जोडीनेच दिली जातात.

आता घराजवळच्या केंद्राकडे वळू. केमो चढवण्याचे काम बहुधा काही तासांचे असते आणि रुग्ण संध्याकाळी घरी जातो. खरा धोका दहाव्या दिवशी असतो, आणि त्या दिवशी रुग्ण मुंबईत नसतो. काणकोणात, वाळपईत किंवा पेडण्यात आपल्या घरी असतो. न्यूट्रोफिल एका मायक्रोलिटरमध्ये ५०० च्या खाली गेल्यावर जंतुसंसर्ग झाला तर पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही, कारण ती लक्षणे निर्माण करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. ताप हेच अनेकदा एकमेव लक्षण असते. पावसाळ्यात गोव्यात ताप म्हटला की डेंगीचा संशय घेऊन दोन दिवस वाट पाहिली जाते. केमोच्या रुग्णाला ती सवड नसते. १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे पारा गेला की केंद्राला कळवावे, १००.४ अंशांवर थेट रुग्णालय गाठावे, ताप मोजण्याआधी पॅरासिटामोल घेऊ नये. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, अशी अपेक्षा असते.

निदान, शस्त्रक्रिया आणि उपचारांचा आराखडा टाटा मेमोरियलमध्ये ठरला तरी केमो बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा डे-केअरची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात घेणे अनेक रुग्णांच्या बाबतीत शक्य असते. तसे करताना मुंबईच्या कागदावर औषधांची नावे आणि मात्रांबरोबरच, किती पेशी असल्यास पुढची केमो द्यायची आणि कितीखाली थांबायचे, हेही लिहून घ्यावे. केंद्र निवडताना रक्ताचा अहवाल त्याच दिवशी मिळतो का, आणि रात्री दोन वाजता ताप आल्यास फोन कोण उचलतो, हे दोन प्रश्न पहिल्या केमोच्या आधीच विचारावेत.